फ्लॉवरची पावडर आणि अरबी समुद्र

डिंगोऱ्याच्या इंद्रायणीनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तरी साडेपाच वर्षं ती रोज सकाळच्या एसटीनं जुन्नरला जायची आणि दिवसभर समुद्राचा तळ निवडत बसायची, तांदूळ निवडावेत तसा.

ती मूळची आंबेगाव तालुक्यातली. घोडेगावच्या वर, जिथं भाताची खाचरं पायरी-पायरीनं उतरत ओढ्याला मिळतात, तिथलं तिचं माहेर. बारावी सायन्सला गुण चांगले पडले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. नवरा गोरख, बागायतदार, बोलायला तुटक पण मनानं सरळ. सासू ठकूबाई, तोंडानं फटकळ. एक मुलगी झाली, अक्षदा. कांदा, फ्लॉवर, गुरं, स्वयंपाक यात सात-आठ वर्षं कशी गेली ते कळलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर कॉलेजातला शिपाई सावळेराम बाजारात गोरखला भेटला. म्हणाला, "पुण्याच्या मॅडम आल्यात. बारीक काम करणारी बाई पायजे म्हणत्यात. सायन्स झालेली असली तर बरं."

मॅडम म्हणजे डॉक्टर साधना. जुन्नरच्या बाजारपेठेतच वाढलेल्या, आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. संस्थेची नवी इमारत उठत होती, सगळीकडे सिमेंटची धूळ. म्हणून मॅडमनी आपल्या गावच्या कॉलेजातल्या मागच्या दोन खोल्या मागून घेतल्या होत्या. त्यांनी इंद्रायणीला ना प्रश्न विचारला ना दाखला पाहिला. सूक्ष्मदर्शकाखाली बशीत चिमूटभर पांढरी वाळू टाकली आणि तीन केसांचा कुंचला हातात दिला.

"यातले शेवटचा कप्पा पिशवीसारखा लोंबता आहे असे दहा दाणे उचल. फोडू नकोस."

इंद्रायणी वाकली आणि दचकलीच. वाळू कुठली, ते नुसते शिंपले होते. खसखशीहून बारीक, गोल फुग्याला फुगा चिकटवल्यासारखे. तिनं कुंचला ओला केला, श्वास धरला आणि दहाच्या दहा उचलले. मॅडम घड्याळ बघत होत्या. "उद्यापासून ये," एवढंच म्हणाल्या.

काम काय होतं ते मॅडमनी एकदा तिला नीट समजावलं. अरबी समुद्राच्या तळात लोखंडी नळी खुपसून गाळाची लांबच लांब कांडी वर काढली होती. जितकं खोल जावं तितका गाळ जुना. त्या गाळात हे शिंपले. त्यांचे जीव एके काळी समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगायचे, मेले की तळाशी बसायचे. शिंपल्यात कणभर बोरॉन असतो. बोरॉन दोन वजनांचा, एक हलका, एक जड. समुद्राचं पाणी आंबटाकडं झुकलं की शिंपल्यात हलका बोरॉन जास्त जातो. समुद्र काही लिंबासारखा आंबट होत नाही, पण त्याचा सामू थोडा खाली उतरतो आणि शिंपला ते धरून ठेवतो.

"वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राचा सामू मोजायला कोण होतं?" मॅडम म्हणाल्या. "कोणी नव्हतं. हा होता."

गाळाच्या एका थरातले शंभर-सव्वाशे शिंपले निवडायचे, म्हणजे सगळे मिळून मोहरीच्या दोन दाण्यांएवढं वजन. ते हलकेच फोडायचे, अतिशुद्ध पाण्यात, मग औषधात, मग पुन्हा पाण्यात धुवायचे, प्लास्टिकच्या इवल्या डबीत सुकवायचे आणि झाकण लावून मॅडमच्या हाती द्यायचे. तिथून डबी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जायची. तिथल्या यंत्रावर हलका आणि जड वेगळे मोजले जायचे.

त्या डबीत बोरॉन असायचा तो किती, तर ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावा इतका. म्हणून नियम कडक. खोलीत काच नाही, कारण चांगल्या काचेत बोरॉन असतो. तोंडाला पावडर नाही. डोळे दुखले तर बोरिकच्या पाण्यानं धुवायचे नाहीत. काचेच्या बांगड्या दाराबाहेर काढायच्या. या शेवटच्या नियमावरून ठकूबाईनं महिनाभर अबोला धरला होता. "सवाशिनीचे हात भुंडे करून कसलं शिक्षण गं?" इंद्रायणी रोज दाराशी बांगड्या काढायची, रुमालात बांधायची, संध्याकाळी पुन्हा चढवायची. एक नियम तिनं मोडला नाही.

शेतातून येतेस का, हे मात्र तिला कधी कोणी विचारलं नाही.

दोन हजार दोन साल लागलं. जानेवारीच्या चार तारखेला, शुक्रवारी, मॅडम पुण्याहून गाडी करून आल्या त्या धापा टाकत आत शिरल्या. हातात फॅक्सचा गुंडाळलेला कागद होता. त्यांनी तो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार डब्या ठेवल्या.

"हे बघ. एकशे चार सेंटिमीटर, एकशे सहा, एकशे आठ. सगळी रेघ सरळ चाललीय आणि इथं धाडकन खाली. तिन्ही ठिकाणी! समुद्र इतक्या थोड्या काळात एवढा आंबट झाल्याचं कोणी दाखवलेलं नाही, इंद्रायणी."

सतरा तारखेला बंगळुरात मोठी परिषद होती, बाहेरदेशीचे शास्त्रज्ञ येणार होते. तिथं त्या हेच मांडणार होत्या. बुधवारी त्या खोलीचे, कामाचे फोटो घ्यायला परत येणार होत्या. जाताना म्हणाल्या, "तुझाही फोटो दाखवणार आहे मी तिथं."

त्या दिवशी एसटीत उभं राहून घरी येताना इंद्रायणीला आपले पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं.

रविवारी सकाळी, सहा-साडेसहाला, गोरखनं फ्लॉवरवर फवारणी काढली. थंडी चांगलीच होती. इंद्रायणीनं नेहमीसारखा तपकिरी लोकरीचा स्वेटर चढवला आणि ड्रमात पाणी भरायला गेली. गोरख पंप पाठीला बांधायचा, ती पुड्या फोडून पावडर पाण्यात ढवळायची, हे ठरलेलं. गड्डा धरायच्या वेळी ही पांढरी पावडर फवारली नाही तर फ्लॉवर तपकिरी पडतो, दांडा आतून पोकळ होतो. आजवर दुकानदार ती पावडर मोठ्या पोत्यातून साध्या पिशवीत बांधून द्यायचा आणि घरात सगळे तिला 'गड्ड्याची पावडर' म्हणायचे. यंदा पहिल्यांदाच कंपनीची छापील पुडी आली होती.

इंद्रायणीनं पुडी दातानं फाडली. वाऱ्याबरोबर पांढरा धुरळा उठून तिच्या हातांवर, बाह्यांवर बसला. तो झटकता झटकता तिची नजर पुडीच्या पाठीवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांवर गेली.

बोरॉन, वीस टक्के.

तिनं पुन्हा वाचलं. मग उजेडाकडं धरून तिसऱ्यांदा वाचलं.

"अगं ढवळ की! काय वाचत बसलीयस?" गोरख ओरडला.

"ही पावडर कशाची व्हती, तुमाला ठाऊक व्हतं?"

"कशाची म्हंजी? बोरॉन. शेतकी केंद्राचा मानूस त्या मेळाव्यात बोललाच व्हता की. का गं?"

ती स्वतःच्या बाह्यांकडं बघत होती. लोकरीच्या धाग्याधाग्यात पांढरं अडकलेलं होतं. याच स्वेटरवर ती घाईनं साडी बदलायची आणि एसटी पकडायची. कॉलेजातली ती खोली उत्तरेची, हिवाळ्यात थंडगार. तिथं ती स्वेटर काढायचीच नाही, त्यावरच पांढरा कोट घालायची. कोटाच्या बाह्या आखूड होत्या. मनगटाशी चार बोटं लोकर बाहेर राहायची. आणि धुतलेल्या शिंपल्यांची उघडी डबी त्या मनगटाखाली असायची.

मॅडमनी एकदा सांगितलेलं तिला आठवलं. शिंपल्यांतला बोरॉन इतका कमी, की बाहेरचा डोळ्याला न दिसणारा एक कण पडला तरी समुद्राचा आवाज बुडून जाईल; आणि जमिनीतून खणून काढलेला बोरॉन हलक्या बाजूचा, म्हणजे समुद्र खोटाच आंबट दिसेल.

गोरख पंप घेऊन वाफ्यात उतरला तशी ती हात धुऊन घरात आली. भिंतीवरच्या खिळ्याला कॅलेंडर होतं, त्याच्या मागं गेल्या सालचं, त्याच्या मागं त्याच्या आदल्या सालचं. जुनं कॅलेंडर टाकायचं नाही ही गोरखची खोड. फवारणीच्या दिवशी तो तारखेला पेनानं गोल करायचा. तिनं तिन्ही खाली उतरवली आणि जमिनीवर मांडली. कोणत्या थराचे शिंपले कोणत्या दिवशी धुतले हे तिला तोंडपाठ होतं, तरी पिशवीतून कामाची वही काढून तिनं पडताळलं.

एकशे चार सेंटिमीटर, आदल्या हिवाळ्यातला बारा डिसेंबर. कॅलेंडरवर बारा डिसेंबरला गोल.

एकशे सहा, चार जानेवारी. चारला गोल.

एकशे आठ, तेवीस जानेवारी. तेवीसला गोल नव्हता. गोल चोवीसला होता. आणि अठ्ठावीस डिसेंबरलाही गोल होता. त्या दिवशी तिनं एकशे दहा धुतला होता, आणि फॅक्सवर एकशे दहाचा ठिपका अगदी सरळ रेघेत होता.

म्हणजे मग? तिला क्षणभर केवढं हायसं वाटलं. जुळत नाही. सगळं जुळत नाही. सुचलं ते आपल्याच मनाचं खूळ. पण दोन जुळत होते, आणि तेच दोन सर्वांत खाली गेले होते.

जेवताना तिनं गोरखला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"तुला कुनी इचारलंय का?"

"न्हाई."

"मग? जुळतंय बी आन् न्हाई बी जुळत. अशा गोष्टीवरनं कुनी सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतं व्हय? त्या मॅडम एवढ्या शिकल्याल्या. काय चुकलं आसंल तर त्यांना कळंल."

"त्यांना कसं कळंल? माझ्या स्वेटरला काय लागलंय ते त्यांना स्वप्नात पडनार हाय का?"

"तुझं काम जाईल, इंदे."

ते तिलाही कळत होतं. अक्षदा शाळेत मैत्रिणींना सांगायची, माझी आई समुद्राचं काम करते. त्या एका वाक्यानं पोरीचा चेहरा कसा फुलतो ते इंद्रायणीनं पाहिलं होतं.

ठकूबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. तिला यातलं काही कळलं असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती एकदम म्हणाली, "दुधात माशी पडल्याली एकट्या हिनंच बघितलीय. आता लोकं ते दूध पिनार. हिनं गप ऱ्हायाचं, आसं म्हनतोस व्हय रं गोरख?"

गोरख ताटावरून उठून गेला.

सोमवारी दुपारी इंद्रायणी कॉलेजासमोरच्या फोनच्या बूथवर गेली. पुण्याचा नंबर लागला. कारकुनानं सांगितलं, मॅडम परिषदेच्या गडबडीत आहेत, निरोप असेल तर सांगा. हा निरोप कुणाच्या तोंडून सांगण्यासारखा नव्हता. तिनं फोन ठेवला. मंगळवारी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली एकही दाणा उचलला नाही. आणखी एखादी डबी तिला आपल्या हातानं बिघडवायची नव्हती. स्वेटर तिनं धुतला नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, खोलीबाहेर खिडकीच्या गजाला अडकवून ठेवला होता.

बुधवारी मॅडम आल्या. गळ्यात कॅमेरा, चेहरा उजळलेला. "चल, कोट घाल. बस तिथं, कुंचला हातात घे."

"मॅडम, आधी माझं ऐका."

ती उभ्यानंच बोलली. कॅलेंडर, वही, पुडी, सगळं टेबलावर ठेवलं. मॅडम आधी हसल्या.

"अगं, शिंपले आपण किती वेळा धुतो! वरचा बोरॉन राहील कसा?"

"धुतल्यानंतर मॅडम. सुकायला ठेवताना. झाकण उघडं आसतं तवा."

मॅडमचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी पुडी उचलली, पाठ वाचली, खाली ठेवली. वही उघडली. बराच वेळ त्या कॅलेंडरवरच्या गोलांवरून बोट फिरवत राहिल्या.

"एकशे आठ जुळत नाही."

"न्हाई."

"एकशे दहा फवारणीच्या दिवशी धुतलास, तो चांगला आला."

"व्हय."

"मग तू कशाच्या जोरावर सांगतेस?" मॅडम ताडकन उठल्या. इतक्या वर्षांत इंद्रायणीनं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. पुण्याची भाषा गळून पडली आणि जुन्नरची बाजारपेठ वर आली. "आठ दिस ऱ्हायलेत माझे! आठ! आन् तू आत्ता सांगतीस व्हय मला?"

"मला रविवारी कळलं मॅडम. त्याच्या आधी कळलं असतं तर आधी सांगितलं असतं."

मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. खाली पटांगणात कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. शेवटी मॅडम वळल्या.

"स्वेटर कुठाय?"

त्यांनी सावळेरामकडून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उघडून घेतली. "हळद आण," त्याला म्हणाल्या. "कँटीनमधून. खायची हळद."

सावळेराम बघतच राहिला, पण गेला. मॅडमनी स्पिरिटमध्ये हळद कालवली, गाळणीच्या कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून वाळवल्या. पिवळ्याधमक चार पट्ट्या झाल्या. "बोरॉनसाठी ही जुनी परीक्षा आहे," त्या इंद्रायणीकडं न बघता म्हणाल्या. "आपल्या यंत्रासारखी बारीक नाही. पण ढोबळ असेल तर सांगते."

पहिल्या वाटीत शुद्ध पाणी. दुसरीत पुडीतली चिमूट. तिसरीत स्वेटरच्या मनगटाचा कापलेला तुकडा खळबळून काढलेलं पाणी. चौथीत कोटाच्या बाहीची आतली किनार धुतलेलं पाणी. चारींत मॅडमनी ॲसिडचे थेंब टाकले, पट्ट्या भिजवल्या आणि गरम पत्र्यावर ओळीनं वाळत ठेवल्या.

सावळेराम दारातच थांबला होता. पट्ट्या कडेनं सुकायला लागल्या. शुद्ध पाण्याची पिवळीच राहिली. पावडरीची बघता बघता विटकरी लाल झाली. इंद्रायणीची नजर तिसरीवर खिळली होती. ती पिवळी होती. अजून पिवळीच होती. तिच्या मनात आलं, देवा, पिवळीच राहू दे. मग टोकाकडून एक तांबूस रेघ सरकत आली आणि बघता बघता अर्धी पट्टी लाल झाली.

"हळद चुन्यानंही लाल होते," मॅडम म्हणाल्या, जणू स्वतःलाच. त्यांनी अमोनियाची बाटली घेतली. "बोरॉनची लाली असेल तर अमोनियानं हिरवी-काळी पडेल."

थेंब पडला. लाल पट्टी हिरवट काळी पडली.

चौथ्या पट्टीवर, कोटाच्या बाहीच्या, फक्त कडेला एक फिकट तांबूस डाग होता. त्यावर थेंब टाकल्यावर तो काळसर झाला की नाही, यावर दोघींचं एकमत होईना. पण आता त्यानं काही बिघडत नव्हतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठल्या, पट्ट्या कागदात ठेवल्या, स्वेटर पिशवीत घातला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. एक फोटो काढला नाही. गाडीत बसताना त्यांनी इंद्रायणीकडं एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

गाडी गेली. सावळेराम म्हणाला, "काय केलंस गं बाई?"

पुढचे पंधरा दिवस इंद्रायणी घरी होती. ती फ्लॉवर काढायची, भरायची, अक्षदाची वेणी घालायची, पण तिचं कशात चित्त नव्हतं. सतरा तारीख आली आणि गेली. तिला बंगळूर कसलं असतं ते माहीत नव्हतं, तरी दिवसभर एक मोठं सभागृह तिच्या डोळ्यांपुढं येत होतं आणि त्यात मॅडम एकट्या उभ्या. त्यांनी तीच रेघ दाखवली असेल का? दाखवली असती तर त्यांचा दोष होता का? गोरख तिच्याशी कामापुरतं बोलायचा. एका सकाळी मात्र तिनं पाहिलं की पावडरीची पुडी ठकूबाई फोडतेय, नाकातोंडाला पदर गुंडाळून. इंद्रायणी पुढं झाली तर म्हातारी म्हणाली, "तू लांब हो. तुला बलावनं यील तवा अंगाला ह्ये नको."

बोलावणं आलं ते चोवीस जानेवारीला. सावळेराम स्वतः सायकलवरून डिंगोऱ्यात आला. मॅडम कॉलेजात थांबल्या होत्या.

त्या थकलेल्या दिसत होत्या. टेबलावर तीन पिशव्या होत्या. एकशे चार, सहा, आठ सेंटिमीटरवरचा उरलेला गाळ.

"मी ते तीन ठिपके दाखवलेच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "रेघेत मोकळी जागा सोडली. एकानं विचारलं, इथं काय झालं? मी सांगितलं, आमच्याकडच्या एका बाईनं फ्लॉवरच्या शेतातून आणलेला बोरॉन आहे की समुद्राचा, ते अजून ठरायचंय. सभागृह हसलं." त्यांनी पिशव्या एका ओळीत सारख्या केल्या. "मी पण हसले. काय करणार?"

"मॅडम, मला माफ..."

"कशाबद्दल? विचारायला पाहिजे होतं मी. काच विचारली, पावडर विचारली, बांगड्यांवर घसरले. शेतकऱ्याच्या बायकोला शेताचं विचारलं नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "पण ऐक. गाळ एवढाच उरलाय. एकदा निवडता येईल. दुसऱ्यांदा नाही. यावेळी चूक झाली तर तो भाग कायमचा गेला."

त्या दिवसापासून इंद्रायणी घरून आंघोळ करून यायची आणि कॉलेजात पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायची. तिथं ठेवलेली सुती साडी नेसायची, केस फडक्यात गच्च बांधायची. कोटाच्या बाह्या लांब शिवून घेतल्या होत्या, मनगटाला नाडी. शेजारी एक रिकामी डबी उघडी ठेवायची. तीही जर्मनीला जाणार, हवेतून काय पडतं ते कळायला. गोरखनं फवारणीचा पंप घरापासून लांब विहिरीच्या खोपटात हलवला. तसं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एकशे चारला एकशे पंधरा शिंपले मिळाले. एकशे आठला शंभर. पण एकशे सहाचा गाळ फार थोडा होता. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस, दुसऱ्यात बावीस. मग बशीत नुसती फुटकी कवचं दिसायला लागली. तिनं तीच वाळू पुन्हा पसरली, पुन्हा, पुन्हा, प्रत्येक दाणा उलटा करून. मान आखडून जायची, डोळ्यांतून पाणी यायचं, ते बाहीला पुसता येत नव्हतं. कुठल्याही क्षणी हात हलेल आणि एखादा शिंपला उडून जमिनीवर जाईल या भीतीनं ती दिवसातून दहा वेळा कुंचला खाली ठेवायची. एकदा उडालाच. तिनं श्वास रोखून टेबलावर बोट न लावता तो शोधला. बशीच्या कडेला चिकटलेला होता. शेवटी सत्त्याऐंशीवर थांबली. मॅडम म्हणाल्या, "पुरतील. पुरायला पाहिजेत."

डब्या गेल्या. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. जर्मनीतलं यंत्र मध्येच बंद पडलं. मेमध्ये फ्लॉवरची जमीन नांगरून पडली होती तेव्हा मॅडम एका दुपारी थेट डिंगोऱ्यात, घरीच आल्या. ठकूबाईनं लगबगीनं घोंगडं अंथरलं. मॅडमनी कागद काढला.

"रिकामी डबी स्वच्छ आली," त्या म्हणाल्या. "एकशे चारचा ठिपका वर गेला. शेजारच्या ठिपक्यांच्या रेघेत. एकशे सहाही वर गेला."

इंद्रायणीनं डोळे मिटले. म्हणजे तिचाच बोरॉन होता. समुद्र काहीच बोलला नव्हता. आपण बरोबर निघालो याचं इतकं वाईट वाटावं हे तिला समजत नव्हतं.

"आणि एकशे आठ," मॅडम म्हणाल्या, "खालीच आहे. पहिल्यांदा जितका होता तेवढाच."

इंद्रायणीनं कागद जवळ ओढला आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हंजी समुद्र आंबट झाला व्हता?" दारातून गोरखनं विचारलं.

"झाला असेल. थोडा वेळ. एका ठिपक्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, मीही ठेवणार नाही. पण आता शोधायला जागा आहे."

ती जागा शोधायला दीड वर्ष लागलं. शेजारून काढलेल्या दुसऱ्या कांडीत, त्याच वयाच्या गाळात, इंद्रायणीनं सलग आठ थर निवडले. त्यांपैकी तीन खाली उतरले, मॅडमना पहिल्यांदा वाटलं होतं त्याच्या निम्म्यानंही नाही, पण उतरले. दोन हजार चार साली मॅडमचा लेख छापून आला. तो गाजला नाही. त्यात शेवटी एक ओळ होती, डिंगोऱ्याच्या इंद्रायणीचे आभार मानणारी, आणि पद्धतीच्या भागात एक परिच्छेद होता, शेतीत वापरल्या जाणाऱ्या बोरॉनपासून नमुने कसे जपावेत यावर. तो परिच्छेद मात्र पुढं कितीतरी ठिकाणांहून लोकांनी पत्र लिहून मागवला, असं मॅडम सांगायच्या.

प्रकल्प संपला. कॉलेजातल्या खोल्या रिकाम्या झाल्या. त्याच वर्षी पारगावच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली, उसाच्या रसाचा सामू मोजायची. मॅडमनी शिफारसपत्र लिहिलं. इंद्रायणी ते घेऊन गेली, पण मुलाखतीत तिनं ते पिशवीतून काढलंच नाही. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "चुकीचा आकडा आला तर काय कराल?"

ती म्हणाली, "आधी माझ्या बाह्या बघीन."

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं खुर्ची पुढं ओढली आणि सगळी गोष्ट सांगितली. बाहेर मुलाखतीला आलेले बाकीचे लोक पाऊण तास ताटकळले. पुढच्या गळीत हंगामापासून ती पारगावला कामाला लागली.